आंबट

कुंडईच्या कारखान्यात मी नळकांड्यांवर अक्षरं काढतो.
काळं अंग, पांढरे खांदे,
मध्ये स्टेन्सिल धरून: ऑक्सिजन.
स्टेन्सिलमधून चंद्र नीट उमटत नाही,
तो हातानेच द्यावा लागतो, दिवसाला दोनशे चंद्र.
चंद्र चुकला तर कोण बघतो, म्हणतो मुकादम.
मी बघतो.

गॅस तपासणाऱ्या निरुपमाबाई कवळेकर
डबा उघडता उघडता म्हणाल्या,
ज्याचं नाव काढताय त्याचा अर्थ माहीत आहे?
प्राणवायू, मी म्हटलं. शाळेत घोकलाय.
तो आपण दिलेला. मूळ शब्द ग्रीक,
धारदार, आंबट ते जन्माला घालणारा.
एका फ्रेंच माणसाला वाटलं,
जगातला सगळा आंबटपणा ह्याच्यापोटी येतो.
चूक होती. मिठाच्या तेजाबात हा औषधालाही नाही.
पुढे क्रांतीत त्याचं मुंडकं उडवलं,
शब्द शाबूत राहिला.
एवढं सांगून त्यांनी सोलकढी ओठाला लावली
आणि स्वतःशीच हसल्या.

तेव्हापासून मी विचारतच सुटलो.
मोरजीहून रशियन बाई आली, आईसाठी भाड्याने न्यायला.
किसलारोत, म्हणाली. म्हणजे?
तिने फाटकाजवळचं एक बिंबल तोडलं, चावलं,
आणि तोंड वाकडं करून मला अर्थ दाखवला.
होसूरचा ट्रकवाला म्हणाला, उयिर, जीव,
आणि थाप मारली ती स्वतःच्या छातीवर.
चिनी अक्षर बाईंनी फोनवर दाखवलं:
वर हवेचं छप्पर, खाली मेंढी.
मेंढी आवाजापुरती. अर्थ, पोसणारा.
मी एका गंजक्या झाकणावर ते काढून पाहिलं.
मेंढी जमली. छप्पर गळकं झालं.

पण उत्तरेला बर्फाच्या एका देशात
आंबटाला सूर म्हणतात, हे ऐकलं
आणि घास हातातच राहिला.

बोरीला आमच्या शेजारी पासकोल. रेंदेर.
तीस माड, दिवसातून तीनदा चढायचा,
सूर काढायचा.
त्याला ह्यातला एकही शब्द ठाऊक नव्हता.
त्या मे महिन्यात खाटेवर बसून, उशीला मिठी मारून,
तो एवढंच म्हणायचा: वारें येना रे.
माडांच्या शेंड्यांवर जन्म काढलेला माणूस.
मी रात्री स्कूटरवरून एक नळकांडं आणलं,
मागे त्याच्या पोराने पोटाशी धरलेलं.
रंग ओला होता, पोराच्या शर्टावर उलटा उमटला.
पहाटे काटा शून्याला टेकला.
दुसरं फोंड्याहून निघालं होतं.
पुलावर होतं.
पासकोलचं तोंड उघडं राहिलं,
ऑ म्हणताना उघडतं तसं.
पुढचे आठ दिवस माझे चंद्र वाकडे आले.

दिवाळीच्या सुमाराला आवरोराने परसात बोलावलं.
त्याने उतरवलेली शेवटची सूर
तिने बाटलीत घालून, मेणाने बूच बसवून ठेवली होती,
आहे तशी राहावी म्हणून.
बूच दोनदा उडालं, दोनदा तिने पुन्हा मारलं.
विनागर काही होईना, ती म्हणाली.
वारें येना तिला, मी म्हटलं.
बोलून गेलो आणि जीभ चावली.
ती बघत राहिली माझ्याकडे.
मग तिने बूच काढलं, सूर मडक्यात ओतली,
तोंडाला त्याच्या काष्टीचं फडकं बांधलं.

काही आठवड्यांनी वर पातळ साय धरली.
बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे आपोआप मिटले.

बाईंना छोटी बाटली नेऊन दिली.
म्हटलं, तुमच्या फ्रेंच माणसाचं
ह्या एका मडक्यापुरतं तरी खरं निघालं.
त्यांनी वास घेतला. हो, म्हणाल्या, ह्याला तोच लागतो.
आणि डबा बंद केला.
बाहेर गाडी लागली होती, सत्तर नळकांडी कोरी.